वाफेची पेटी आणि हीट गन : धनुष्याच्या लाकडाला बाक देण्याचा वापरानंतरचा अनुभव

हाताने घडवलेल्या लाकडी धनुष्याच्या टोकांना पुढच्या बाजूला बाक देण्यासाठी मी गेल्या हिवाळ्यापासून वाफेची पेटी आणि हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारे विजेचे साधन) ही दोन्ही साधने वापरत आहे. एक कडक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पुण्यात त्यांच्यासह काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कोणते साधन घ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. आधी लाकूड कोणते आणि ते कशा रीतीने वाळवलेले आहे, हे पाहावे. सावलीत सावकाश वाळलेल्या धामण या झाडाच्या लाकडाला वाफ मानवते. भट्टीत वाळवून आयात झालेल्या इपे या जड परदेशी लाकडावर मात्र वाफेचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही आणि तेथे कोरड्या उष्णतेने थोडेफार साधेल तेवढ्यावरच समाधान मानावे लागते.

भिंतीवरचा वॉलपेपर सोडवण्यासाठी जे सुमारे दोन किलोवॉटचे वाफयंत्र मिळते, तेच मी वापरतो. पेटी जलरोधक प्लायवूडची आहे. पीव्हीसी पाइपची पेटी स्वस्त पडते, परंतु हा पाइप पाणी उकळण्याच्या कितीतरी आधीच मऊ पडू लागतो आणि आतल्या लाकडाच्या भाराने लोंबतो, म्हणून तो मी टाळला. पेटी किंचित तिरकी ठेवावी, खालच्या टोकाला पाणी निघून जाण्यासाठी भोक असावे आणि ती कधीही हवाबंद करू नये. येथे दाब नको असतो, फक्त भरपूर आणि अखंड वाफ हवी असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. हा फरक कामात जाणवत नाही, पण पेटीतला तापमापक शंभरावर का जात नाही म्हणून कोणी यंत्राला दोष देऊ नये.

धामण ही आपल्या सह्याद्रीतली आणि धनुष्यासाठी, कावडीच्या दांड्यांसाठी पूर्वापार नावाजलेली. औजारांचे दांडे करणाऱ्या सुताराकडून सरळ रेषांचा, म्हणजे सरळ तंतूंचा, गाठ नसलेला तुकडा निवडून घेतला, तर निम्मे काम तेथेच झालेले असते. रेषा जेथे कडेने बाहेर पडतात तेथेच लाकूड फाटते, आणि त्यावर कोणत्याही वाफेचा उपाय नाही. पंचवीस मिलिमीटर जाडीला एक तास हा जुना हिशेब बहुतेक वेळा चालतो, म्हणून बारा मिलिमीटरच्या टोकाला मी अर्ध्या तासापेक्षा थोडी अधिक वाफ देतो. लाकडात २० टक्क्यांच्या आसपास ओल असताना बाक सर्वांत चांगला येतो. पेटीतून बाहेर काढल्यावर ते साच्यावर आवळण्यासाठी जेमतेम अर्धे मिनिट हाती असते, तेव्हा शिकंजे आधीच उघडून, हाताशी मांडून ठेवलेले बरे.

वाफवलेले लाकूड दाबले जाण्यास फार राजी असते, ताणले जाण्यास मुळीच नाही. चांगले वाफवलेले लाकूड लांबीत २५ ते ३० टक्क्यांपर्यंत दबू शकते, पण एक-दोन टक्क्यांहून अधिक ताणले की तुटते. टोके पुढे वळवताना ताण धनुष्याच्या पोटावर, म्हणजे तिरंदाजाकडील बाजूवर येतो. म्हणून त्या बाजूला पोलादी पट्टी लावून तिची दोन्ही टोके लाकडाच्या टोकांशी घट्ट अडवली, तर लाकूड ताणले न जाता आतल्या बाजूने दबत जाते. ही पट्टी माझ्या मते संपूर्ण साहित्यातील सर्वांत उपयुक्त वस्तू आहे आणि तीच लोक सर्वांत आधी वगळतात. साच्यावरून काढल्यावर बाक थोडा उघडतोच, त्यामुळे साचा हव्या त्या बाकापेक्षा अधिक वळलेला करावा आणि लाकूड त्यावर किमान आठवडाभर, पावसाळ्यात त्याहून अधिक, आवळलेले राहू द्यावे.

इपेची गोष्ट वेगळी. दक्षिण अमेरिकेतून डेकच्या फळ्या म्हणून येणारे हे लाकूड घनमीटरला हजार किलोच्या वर भरते आणि बहुधा पाण्यात बुडते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गडद तपकिरी रंगाची कोणतीही जड फळी इपे म्हणून दाखवली जाऊ शकते. त्यावर एक सोपी चाचणी आहे: कानशीने काढलेल्या पिवळसर भुकटीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकावा. इपेमधील लॅपॅचॉल या द्रव्यामुळे ती लाल होते. हीच भुकटी त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, तेव्हा मास्कशिवाय घासकाम करू नये. नोव्हेंबर २०२४ पासून इपेचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला आहे, म्हणून विक्रेत्याकडे कागदपत्रे मागण्यात संकोच नको.

या लाकडाला वाफेत कितीही वेळ ठेवले तरी ते हट्ट सोडत नाही. हीट गनने मात्र वाकडी फळी सरळ करता येते, धनुष्याच्या दोन भुजांमधला, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या भागांमधला, फरक काढता येतो आणि टोकांना अगदी सौम्य बाक देता येतो. पृष्ठभागावर थोडे तेल लावावे, गन सतत हलती ठेवावी आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचेपर्यंत धीर धरावा. घाई केली की वरचा थर करपतो आणि आतला भाग कोराच राहतो. कोरडी उष्णता लाकडातली ओलही हाकलते. त्यामुळे तापवलेल्या भुजेला पुन्हा हवेतील ओल घेऊ देण्यासाठी काही दिवस विसावा द्यावा, लगेच दोरी चढवून खेचू नये.

इपेच्या पाठीला, म्हणजे लक्ष्याकडील बाजूला, बांबूची पट्टी चिकटवायची असेल, तर ही सगळी तापवातापवी चिकटवण्याआधी उरकली पाहिजे, कारण साधा इपॉक्सी गोंद साठ-सत्तर अंशांनंतर ढिला पडू लागतो. इपे तेलकट असल्याने चिकटवण्याच्या अगदी आधी तो घासून अ‍ॅसिटोनने पुसावा. पट्टीसाठी बुरूड आळीत कळकाचा जाड सालीचा, बुंध्याकडचा, चांगला वाळलेला भाग मागून घ्यावा. बारीक काठीची पट्टी फार गोल निघते.

बाक स्थिरावल्यावरच भुजा अखेरच्या मापाला उतरवाव्यात. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. रुंदीच्या बाबतीत तो केवळ दहा टक्के उतरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवून मी फक्त खरवडणी वापरतो, आणि टोकांचे वजन घटवायचे असेल तर ते रुंदीतून घटवतो.

पावसाळ्याने दोन्ही धनुष्यांची परीक्षा घेतली. हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकली की लाकडातील ओल हळूहळू १६ टक्क्यांकडे सरकते. उन्हाळ्यात, ३० टक्के आर्द्रतेला, तीच सहाच्या आसपास असते. धामणीच्या धनुष्याची खेच, म्हणजे दोरी ओढायला लागणारे बळ, श्रावणापर्यंत तीन-चार पौंडांनी उतरली आणि टोकांचा बाकही किंचित उघडला; इपेचे धनुष्य जवळजवळ होते तसेच राहिले. धामणीवर नंतर पॉलिशचे अनेक हात दिले. त्याने ओल शिरण्याचा वेग कमी झाला, ती थांबली मात्र नाही. तरीही नवशिक्याने वाफेची पेटी, पोलादी पट्टी आणि धामणीच्या दोन-तीन फळ्या यांपासूनच सुरुवात करावी, असे मी सुचवेन, कारण फाटलेल्या धामणीचे दुःख खिशाला परवडते. हीट गन नंतर घेतली तरी चालते. घेताना मात्र तापमान कमी-जास्त करता येणारीच घ्यावी.