लेफ्ट टॅकल की सेंटर? थॉमस आणि केल्सीकडे बघून ठरवा

अमेरिकेत वाढणारा तुमचा मुलगा उंच, दणकट असेल आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात त्याला ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे आपल्या चेंडूवाल्यांना वाचवणाऱ्या पुढच्या रांगेत, घेतलं असेल, तर प्रश्न येणारच: टोकाला (टॅकल) उभं राहायचं की मधोमध (सेंटर)? नुसती उंची बघून उत्तर देऊ नका. आधी दोन माणसांची कारकीर्द बघा.

जो थॉमस (Joe Thomas) विस्कॉन्सिनचा, सहा फूट सहा इंच. 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता. पुढे अकरा वर्षं लेफ्ट टॅकल. जेसन केल्सी क्लीव्हलँडच्या शेजारचाच. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संघात तो शिष्यवृत्तीशिवाय शिरला, तेही लाइनमन म्हणून नव्हे. 2011 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतलं ते 191 व्या क्रमांकावर, कारण सेंटरसाठी तो अंगाने कमी मानला जायचा. तो तेरा वर्षं टिकला.

टॅकल एकटा असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची (डाव चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची) पाठ लेफ्ट टॅकलच्या भरवशावर. समोरचा गडी सुसाट येतो आणि याला मागे सरकत त्याला अडवायचं असतं: डावा पाय मागे, उजवा त्याच्या पाठोपाठ, पायात पाय अडकू द्यायचा नाही, हात छातीशी. हात जरा लवकर सुटले की तो बगलेखालून निसटलाच. थॉमसने हे सलग 10,363 स्नॅप, म्हणजे एकही डाव न चुकवता, केलं, ऑक्टोबर 2017 मध्ये दंडाचा ट्रायसेप स्नायू फाटेपर्यंत.

सेंटरला दोन्ही बाजूंनी गार्डचा (शेजारच्या लाइनमनचा) आधार, पण डोक्याला उसंत नाही. कोण कुणाला अडवणार हे तो ओरडून सांगतो, मग एका हाताने चेंडू पायांमधून मागे देतो (हाच स्नॅप), आणि तो हात वर यायच्या आत समोरचा दीडशे किलोचा माणूस अंगावर आलेला असतो.

ड्राफ्टमध्ये मान आणि पैसा टॅकलला जास्त, हे खरं. विजेतेपदावरून मात्र ठरवू नका. केल्सीने फेब्रुवारी 2018 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. थॉमसला प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना मिळाला नाही, त्याच्या शेवटच्या दोन हंगामांत ब्राउन्सने एकच सामना जिंकला. तरी 2023 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शरीराचा हिशेब दोघांचा सारखाच कठोर. एकशेतीस किलोच्या वर वजन वर्षानुवर्षं टिकवायचं, म्हणजे भूक नसतानाही खायचं. निवृत्तीनंतर थॉमसने वीस किलोंहून अधिक वजन उतरवलं. याबद्दल मुलाशी आधी बोला.

हात लांब असतील आणि हुकलेला डाव लगेच विसरता येत असेल, तर टॅकल. बोलका, चपळ आणि समोरच्याची चाल ओळखणारा असेल तर सेंटर. उंची थोडी कमी असली तर माझं मत नक्की सेंटरकडे. तरीही ठरत नसेल, तर दमलेल्या अवस्थेत त्याला ओल्या चेंडूने पन्नास स्नॅप टाकायला लावा आणि त्यातले शेवटचे दहा नीट बघा.