नांगराचा शिक्का आणि हुपरीचं पैंजण

बर्मिंगहॅममध्ये आपली एक मराठी बाई दागिने घडवते. तिच्याकडून काय घ्यावं, याचा आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. चांदीचं पैंजण घ्या, डोळे मिटून घ्या. सोन्याचा छोटा साज ऐपत असेल तर घ्या. आणि शिरल्याशिरल्या काचेच्या पेटीत जी महाराष्ट्राच्या नकाशाची पेंडंटं, विमानाची कानातली नि देवनागरीत ‘आई’ लिहिलेली पदकं मांडलीत, ती बघा आणि पुढे चला.

दुकान म्हणावं असं तिथे काही नाही. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये, चौकातल्या चेंबरलेन घड्याळापासून थोडं चालून गेलं की एका जुन्या विटांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिने एक खोली भाड्याने घेतलीय. खाली पाटी नाही. बेल वाजवायची, ती जिना उतरून दार उघडते. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिनेच बजावलंय, “लिवा की वैनी, पर नाव नि नंबर तेवढा टाकू नका. हाय ते काम उरकंना झालंय.” मंडळाच्या गणपतीत कुणालाही विचारलंत तरी पत्ता मिळेल.

बाई मूळच्या हुपरीच्या. मी इचलकरंजीची, म्हणजे तशा आम्ही शेजारणीच. कोल्हापूरकडच्यांना हुपरी सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच, की हातकणंगले तालुक्यातल्या या गावात चांदी घराघरात आहे. व्यापाऱ्याकडून वजन करून माल घरी येतो, बायका स्वयंपाक आवरून पैंजणाच्या कड्या जोडायला बसतात, डाग (म्हणजे जोड सांधणारा धातू) लावतात, आणि माल वजन करून परत जातो. हिचं बालपण त्यात गेलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आली, काही वर्षं एका सुपरमार्केटच्या काउंटरवर काढली आणि मग व्हिटोरिया स्ट्रीटवरच्या स्कूल ऑफ ज्वेलरीत शिकायला गेली. ही शाळा १८९० सालापासूनची. शिक्षण संपल्यावर तिने ‘परदेशातल्या स्त्रीची ओळख’ असं काहीतरी भारदस्त नाव देऊन दागिन्यांचा पहिला संच केला. विमान, सूटकेस, पासपोर्टचा शिक्का, एका साखळीने जोडलेले दोन देशांचे नकाशे. काचेच्या पेटीत आहे तो हाच संच. सगळ्यात जास्त खपतो. खोलीचं भाडं त्यातूनच निघतं, हे ती हसत हसत सांगते. माझ्या मते मात्र ही पदकं स्थलांतरावरच्या शाळकरी निबंधासारखी आहेत, मुद्दे सगळे आले, पण बाई कुठे दिसत नाही.

बाई दिसते ती पैंजणात.

इथे थोडं खोलात जाते. पुढे पैसे कशाचे पडतात ते कळायला हवं. आपल्याकडे पैंजणाची चांदी टंचावर, म्हणजे तिच्या शुद्धतेच्या प्रमाणावर विकली जाते. कमी टंचाची चांदी कडक असते, झिजत नाही, स्वस्तही पडते, त्यामुळे रोजच्या वापराचं पैंजण शुद्ध चांदीचं सहसा नसतंच. शिवाय एका पैंजणात शेकडो जोड. प्रत्येक जोडाला डाग, आणि डागात चांदीशिवाय दुसरा धातू असतोच. म्हणजे तार कितीही चांगली घ्या, डागांनी एकूण कस खाली येतो. मोडीत घालायला गेल्यावर सराफ वजावट सांगतो आणि आपलं तोंड उतरतं, ते यामुळे.

ब्रिटनमध्ये हा कारभार चालत नाही. १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याप्रमाणे ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू ‘चांदीची’ म्हणून विकायची तर तिच्यावर शिक्का हवा, आणि शिक्का मिळायला हजारात किमान ८०० भाग चांदी हवी. नेहमीचा कस ९२५. जोडाच्या डागालाही किमान कस ठरवून दिलेला आहे, आणि डाग लागेल तेवढाच लावायचा, थापायचा नाही. गावाकडच्या पद्धतीने जोडलेलं तिचं पहिलं पैंजण शिक्का न मारता परत आलं. “तार चोख होती वो, डागानं मारलं,” असं ती म्हणते. मग तिने काय केलं? नक्षी कमी करून मशीनची साखळी वापरली असती तर सुटली असती. इथले पुष्कळजण तेच करतात. हिने नक्षी तशीच ठेवली आणि जोडायची रीत बदलली. कड्या एकमेकींत अडकवून जिथे डागाशिवाय भागतं तिथे भागवलं, बाकी ठिकाणी चांगल्या कसाच्या डागाचा मोहरीहून लहान तुकडा. पैंजण उलटं करून बघा, जोड सापडणार नाही. मी भिंग लावून शोधला.

आता शिक्क्याविषयी. बर्मिंगहॅमचं ‘असे ऑफिस’ (Assay Office), म्हणजे कस तपासून शिक्का मारणारी कचेरी, १७७३ सालचं आहे आणि त्याची खूण आहे नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा! समुद्रापासून इतक्या लांबच्या शहराला जहाजाचा नांगर कसा, तर लंडनमध्ये ज्या खानावळीत या परवान्याच्या खटपटी झाल्या तिचं नाव ‘क्राउन अँड अँकर’ होतं म्हणून, असं सांगतात. नांगराशेजारी कसाचा आकडा, आणि त्याच्याही शेजारी ज्याने वस्तू शिक्क्यासाठी पाठवली त्याची अक्षरं. ही अक्षरं कायद्याने बंधनकारक आहेत, किमान दोन, चौकटीत, नोंदणी करून घेतलेली. वर्षाचं अक्षर १९९९ पासून ऐच्छिक झालंय, ही ते मुद्दाम मारून घेते.

पैंजणाच्या पेचाजवळ, नखाएवढ्या जागेत, तिच्या नावाची दोन अक्षरं आहेत. हुपरीत तिच्या आईने जन्मभर जोडलेल्या पैंजणांवर आईचं काही नव्हतं. असलंच तर व्यापाऱ्याचं नाव. ‘ओळख’ म्हणून जे ती नकाशांत शोधत होती ते इथे दीड मिलिमीटरात उमटलंय असं मला वाटतं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “आता फी भरतो तर नाव लावणारच की.” (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी भरतो, मी जातो’ म्हणतात. परदेशात इतकी वर्षं काढूनही तिचं ते सुटलेलं नाही आणि माझंही घरी आल्यावर सुटत नाही.)

वापराचं सांगते. मी वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे कोपराखाली काहीही चालत नाही, साधी वेढणी तेवढी चालते. बांगड्या, पाटल्या, घड्याळ सगळं घरी. पायात काय आहे ते पँटखाली कुणाला दिसत नाही, पण वाजलं की दिसल्यासारखंच. तर तिने घुंगरं केलीत मुकी. आकार तोच, चीर तीच, आत खडा नाही. मी नाक मुरडलं होतं, बिनवाजणारं घुंगरू म्हणजे काय! आता तेच आवडतं. हवं तर खडेवालीही मिळतात. आतल्या बाजूच्या कडा तिने घासून इतक्या गुळगुळीत केल्यात की मोज्याचा धागासुद्धा ओढला जात नाही, आणि थंडीत इथे जाड मोजे घालणाऱ्यांना याची किंमत कळेल. पेच फिरकीचाच ठेवलाय, आकडा नाही, त्यामुळे निसटत नाही. मात्र ९२५ ची चांदी मऊ. बुटाला घासून एका कडीला पोचा आलाय. तिने आधीच सांगितलं होतं, आणि दुरुस्तीचे पैसे घेणार नाही असंही.

सोन्याचा साज हा माझा दुसरा खर्च, आणि मोठा. सासूबाईंचा अस्सल कोल्हापुरी साज कोल्हापुरात बँकेच्या लॉकरमध्ये आहे. इकडे आणायची हिंमत नाही. आशियाई घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे आणि दिवाळी आली की पोलीसच सांभाळा म्हणून सांगतात. शिवाय एकवीस पानांचा साज घालून मी जाणार कुठे, भाजी आणायला? सांगतात ते असं, की दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूचं एकेक, आणि एक डोरलं. आजकाल कोल्हापुरातही दहा-बारा पानांवर भागवतात.

हिची पद्धत अशी, की ती तयार डिझाइन दाखवत नाही. तुमच्या घरातल्या सापडतील त्या साजाचे फोटो मागते, आणि कुठली पानं हवीत ते तुम्हाला विचारते. मी मासा, कासव, चंद्र, कमळ, बेलपान, शंख, कारलं, भुंगा आणि मधोमध ताईत असं सांगून मोकळी झाले. नाग वगळला, कामावर कशाला प्रश्न. तिथूनच सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला तर त्या कडाडल्या, “नाग नको? मग साज कशाला म्हणतेस, चेन म्हण.” नाग आला. पलीकडे ही पदराआड हसत होती.

जुन्या साजाची पानं आणि जवमणी आतून लाखेने भरलेले असतात. त्यामुळे पातळ पत्र्यात भरीव दिसतात, पण सोनं किती नि लाख किती हा वाद कायमचा. हिने लाख काढून टाकली, पत्रा थोडा जाड घेतला आणि पानं लहान केली. कस ९१६, म्हणजे बावीस कॅरेट. पोकळ पानावर ठोकून शिक्का मारला तर ते चेपणार, म्हणून लेसरने कोरून घेतलाय, ताइताच्या पाठीला. मागची साखळी अठरा कॅरेटची आहे, कारण बावीसची बारीक साखळी ओढ सोसत नाही. पेटीतल्या बऱ्याच वस्तू नऊ कॅरेटच्या आहेत, इथे तो कस सर्रास चालतो. आमच्या ह्यांनी ३७५ चा आकडा वाचला आणि म्हणाले, “यापेक्षा पितळ बरं, निदान खरं बोलतं.” तिला ऐकू गेलं. जाऊ दे.

साज गणवेशाच्या गळ्याच्या आत बसतो, सुटीच्या दिवशी शर्टावरही शोभतो. भुंग्याचे पाय स्वेटरच्या लोकरीत अडकतात, ही एक तक्रार. आणि कारलं मला अजून कारल्यासारखं वाटत नाही, भेंडीसारखं वाटतं.

ठुशी मैत्रिणीने घेतली, मी फक्त हाताळली. मणी गच्च आणि सारखे, गोंड्याची दोरी सरकवून हव्या त्या गळ्याला बसते, पोलोनेकवरसुद्धा. दोरीचा लाल रंग मात्र घामाने उतरला आणि पांढऱ्या कॉलरवर डाग पडला. तिने दोरी बदलून दिली. नथ घेऊ नका. चापाची आहे, मोती नदीचे घेतलेत, ते वजनदार निघालेत आणि चाप ढिला. आरती संपेपर्यंत नथ मिशीवर येते.

पैशाचं स्पष्ट बोलते. तिची घडणावळ जास्त आहे. साजात सोन्याच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी पडली, वर वीस टक्के व्हॅट. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एवढी घडणावळ सांगितली असती तर मी उठून आले असते. पण तिथे माझ्यासमोर बसून पान लहान-मोठं करून देणारं कुणी नव्हतं. जुनं सोनं ती मोडीत घेत नाही, तेव्हा बांगडी देऊन साज करू असं मनात धरून जाऊ नका. वेळेच्या बाबतीत मात्र ती अस्सल सोनार आहे. ‘पुढच्या आठवड्यात’ ऐकलं की महिना धरा. लग्नकार्य असेल तर सरळ दिवाळीआधीच सांगून ठेवा. अंदाजपत्रक लिहून देत नाही, तोंडी सांगते. आकडा फिरला नाही हे खरं, तरी कागद असता तर बरं झालं असतं.

लवकर पोचलात तर वाइज स्ट्रीटवरचं ज्वेलरी क्वार्टरचं संग्रहालय बघून घ्या. स्मिथ अँड पेपर नावाचा कारखाना १९८१ साली बंद झाला तो आतल्या चहाच्या कपांसकट तसाच राहिला, आणि १९९२ मध्ये लोकांसाठी उघडला. कारागिरांच्या टेबलांखाली चामड्याच्या झोळ्या लावलेल्या दिसतील, सोन्याचा कीस त्यात पडावा म्हणून. आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्याची माती धुऊन तोच कीस काढतात. हिच्या टेबलाखालीही तशी झोळी आहे, पण हिची जुन्या सतरंजीची.

जाताना घोट्याचं माप घेऊन जा, आणि ते संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असताना. मी सकाळी घेणार होते, तिनेच फोनवर थांबवलं. शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. ट्राम किंवा आगगाडीने ज्वेलरी क्वार्टर स्टेशनला उतरा. चहा ती करते, साखर कमी सांगा.