‘मौजे मौजे सुकेणे’ बरोबर लिहिणारे काका (नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ, दस्तलेखन)

पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येतंच.

आम्हा दोघा भावांचं वाटणीपत्र करायचं होतं. जमीन निफाड तालुक्यात. मोठा तुकडा कसबे सुकेण्याला, द्राक्षबाग मौजे सुकेण्याला. गावं एकमेकांना लागून, पण दप्तरी वेगळी.

आधी एका टायपिंगवाल्याकडे गेलो होतो, नाव घेत नाही. जमिनीच्या कागदात गावाच्या नावाआधी ‘मौजे’ लावतातच, म्हणून आमच्या बागेचं गाव लिहायचं ‘मौजे मौजे सुकेणे, ता. निफाड’. पोराला वाटलं शब्द चुकून दोनदा पडला, त्यानं एक उडवला. ‘मौजे कसबे सुकेणे’ हेही त्याला खटकलं, तिथला ‘कसबे’ काढला. झालं! दोन्ही गट एकाच गावात. गट नंबर प्रत्येक गावाचे वेगळे असतात, त्यामुळे चुकीच्या गावात आमचाच नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघायचा.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून मसुदा वाचला आणि पहिल्याच पानावर पेन टेकवलं. “दादा, पहिला मौजे म्हणजे गाव. दुसरा मौजे म्हणजे त्या गावाचं नाव. दोन्ही पाहिजेत.”

मग चहा येईपर्यंत शिकवणीच झाली. मौजा आणि कसबा दोन्ही मूळचे अरबी शब्द, फारसी दप्तरातून आपल्याकडे आले. मौजा म्हणजे साधं खेडं, कसबा म्हणजे बाजारपेठेचं मोठं गाव. दिंडोरीकडच्या वणीलाही कसबे वणी म्हणतात, ते यातलंच. मी जन्मभर कसबे सुकेण्याच्या स्टेशनावर उतरतोय, पण पाटीवरच्या ‘कसबे’कडे कधी नीट बघितलं नव्हतं. (माझा मुलगा अजून मौजेचा संबंध मौजमजेशी लावतो. वाटणीत कसली आलीय मौज!)

निघता निघता माझ्या नाशिकच्या फ्लॅटचं विचारलं. खरेदीखतात ‘पाथर्डी शिवार’ लिहिलंय आणि खिडकीतून तर नुसत्या इमारती दिसतात. काका म्हणाले, शीव म्हणजे हद्द, तिच्या आतली गावाची सगळी जमीन म्हणजे शिवार. वर पीक उभं असो की सात मजले, कागदाला फरक पडत नाही.

घेतले पंधराशे. त्यात चतुःसीमा सातबारा आणि नकाशाशी ताडून पुन्हा लिहून दिल्या. पूर्वेला भावाचं शेत आणि पश्चिमेला पाण्याची चारी हे आधीच्या मसुद्यात उलटं पडलं होतं, तेही त्यांनीच पकडलं.

कापलेला एक गुण फोनसाठी. उचलतच नाहीत. मला तीन खेपा पडल्या, त्यातली एक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाया गेली. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख न्या. आणि गावाचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहून न्या.