‘भाडं नाही, फक्त चार लाख डिपॉझिट’: नाशिकमध्ये घर शोधणाऱ्या जोडप्यांसाठी

धुळे-जळगावकडून अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत नोकरीला आलेलं नवं जोडपं पाथर्डी फाटा, इंदिरानगर, म्हसरूळ या भागांत घर बघायला लागतं. दोन बेडरूमचं भाडं ऐकून बजेट कोलमडलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी सांगतं, हेवी डिपॉझिटवर घ्या. चार लाख एकदाच द्यायचे, महिन्याचं भाडं शून्य, घर सोडताना चार लाख परत. हिशेब गोड वाटतो, आणि खरा मालक असेल तर व्यवहारही बरा होतो. पण इथे चार लाख घेणारा माणूस बऱ्याचदा मालक नसतो, तो स्वतःच भाडेकरू असतो.

तो आधी तोच फ्लॅट खऱ्या मालकाकडून बारा हजार भाड्याने आणि पन्नास हजार अनामतीवर घेतो. किल्ली त्याच्या हातात असते, वॉचमन त्याला ओळखतो. मग तो तुम्हाला घर दाखवतो आणि चार लाख घेतो. पुढचे काही महिने मालकाला बारा हजार वेळेवर पोचतात, तेही तुमच्याच पैशातून. म्हणून सगळं सुरळीत दिसतं. मग हप्ता थांबतो, त्याचा फोन बंद होतो आणि मालक दारात येतो: तुम्ही कोण?

“पण आमचा करार रजिस्टर झालाय” असं अशा वेळी हमखास ऐकू येतं. भाडेकराराच्या ऑनलाइन नोंदणीत दोन्ही बाजूंचा आधार आणि अंगठा जुळवला जातो. तो माणूस तोच आहे एवढंच त्यातून कळतं, घर त्याचं आहे का हे तिथे कुणी तपासत नाही. त्याने स्वतःच्याच नावाने ‘मालक’ म्हणून सही केली तरी करार नोंदला जातो. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदलेलाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्के गृहीत धरलेल्या व्याजावर पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये. एवढ्यासाठी टाळाटाळ करणारा मालक संशयास्पदच.

मालकी तपासायची ती सूची क्रमांक २ वर, म्हणजे इंडेक्स टू, घराच्या नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. दस्त ‘करून घेणाऱ्या’च्या, म्हणजे खरेदीदाराच्या रकान्यातलं नाव समोरच्याच्या आधारशी जुळलं पाहिजे, फ्लॅट नंबर आणि विंगसुद्धा. त्याने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका. दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर स्वतः शोधा. मिळकतीवरून शोधताना सोसायटीचं नाव टाकून उपयोग नसतो, शिवाराचं नाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर लागतो. घरपट्टीची पावतीही मागा. लाइट बिल मात्र पुरावा धरू नका, कितीतरी इमारतींत मीटर अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीला वॉचमनच्या गैरहजेरीत एकच प्रश्न विचारा: या फ्लॅटचा मेंटेनन्स कुणाच्या नावाने निघतो? ‘मालक दुबईला आहेत, मी सगळं बघतो’ असं उत्तर आलं तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) बघा, मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला, आणि पैसे मालकाच्याच खात्यात टाका. ‘दोन लाख रोख, दोन लाख ऑनलाइन’ हे मान्य करू नका. रोख दिलेल्याचा माग राहत नाही.

फोटोवरूनच टोकन मागणाऱ्या, ‘मी आर्मीत आहे’ म्हणणाऱ्या मंडळींचं प्रकरण छोटं आहे. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणाले तर लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

फसवणूक झालीच असेल आणि पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. हेवी डिपॉझिटच्या प्रकरणात बहुतेकदा महिने उलटलेले असतात. तिथे पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकावं लागू शकतं. तेव्हा उपयोगी पडतो तो खऱ्या मालकाचा त्या माणसाशी झालेला मूळ करार, कारण पोटभाडेकरू ठेवायला मनाई असल्याचं कलम बहुधा त्यातच लिहिलेलं असतं. म्हणून दारात आलेल्या मालकाशी भांडू नका. त्याचीही फसवणूक झालेली असते. त्याच्याकडून त्या कराराची प्रत मागून घ्या आणि जमल्यास तक्रार दोघांनी मिळून द्या.