दाढी शिकण्यासाठी जुना दुधारी रेझर : टेक, सुपर स्पीड की स्लिम?

दुधारी पात्याच्या जुन्या सेफ्टी रेझरने दाढी करायला शिकायचे, असे ठरल्यावर कोणता रेझर घ्यावा हा प्रश्न लगेच उभा राहतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात जे रेझर आढळतात त्यांतले पुष्कळसे जिलेटच्या अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या कारखान्यांतून निघालेले असतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतले तीन नमुने विचारात घेण्याजोगे आहेत : १९३८ साली आलेला तीन सुट्या भागांचा टेक, १९४७ पासून बनत गेलेला आणि बुडाची कळ फिरवून उघडणारा सुपर स्पीड, आणि १९६१ मध्ये आलेला, १ ते ९ आकड्यांची चकती असलेला स्लिम अ‍ॅडजस्टेबल. आज कोणत्याही दुकानात मिळणारे दुधारी ब्लेड या तिन्हींत बसते.

माझे मत आधीच सांगतो : शिकताना टेक घ्यावा. नवख्या माणसाच्या चुका मुख्यतः तीन गोष्टींत होतात. पात्याचा कोन चुकतो, हाताचा दाब जास्त पडतो आणि केसांच्या उगवणीची दिशा लक्षात घेतली जात नाही. या तिन्ही चुका हाताच्या आहेत आणि त्या हातानेच सुधारायच्या आहेत. म्हणून रेझर असा हवा की जो रोज अगदी तसाच वागेल, म्हणजे आज हनुवटीखाली जळजळ झाली तर तिचे कारण हातात शोधायचे हे स्पष्ट राहील. तीनही नमुन्यांकडे मी याच कसोटीने पाहतो.

टेकची रचना पाहिली की हे पटते. वरची टोपी, खालची तळपट्टी आणि दांडा एवढेच त्याचे भाग आहेत. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचे पाते टोपी आणि पट्टीच्या मध्ये ठेवून दांडा आवळला की ते टोपीच्या वळणावर वाकते, आणि त्या वाकण्यामुळेच इतक्या पातळ पोलादाला ताठपणा येतो. टेकमध्ये पात्याची धार फार बाहेर डोकावत नाही आणि तिच्यापुढे सलग संरक्षक पट्टी असते, त्यामुळे कोन थोडा चुकला तरी त्वचेवर बेतत नाही. दाट, राठ दाढी असलेल्या काही जणांना टेक फारच मवाळ वाटतो, एका हातात गुळगुळीतपणा येत नाही, अशी त्यांची तक्रार असते आणि ती खरीही आहे. परंतु शिकण्याच्या काळात एका हातात गुळगुळीत दाढी हे ध्येयच नसावे. पहिला हात केसांच्या उगवणीच्या दिशेने, मग पुन्हा साबण लावून दुसरा हात आडवा, आणि उलटा हात तूर्त नाहीच, हा क्रम काही आठवडे पाळला तर टेकचा मवाळपणा उणीव न वाटता सोय वाटू लागतो.

सुपर स्पीडचे आकर्षण वेगळे आहे. बुडाची कळ फिरवली की डोक्यावरची दोन झाकणे दारांसारखी उघडतात, पाते अलगद आत ठेवता येते आणि कळ उलटी फिरवली की काम झाले. सुटे भाग हातातून निसटण्याची किंवा टोपी आवळताना बोटे धारेजवळ जाण्याची भीती राहत नाही. ज्यांच्या बोटांत कंप आहे किंवा ज्यांची जवळची नजर अधू झाली आहे, त्यांनी माझे वरचे मत बाजूला ठेवून सरळ सुपर स्पीड घ्यावा. कापण्याच्या बाबतीत साधा सुपर स्पीड टेकच्या जवळपासच आहे, कदाचित किंचित तिखट. मात्र एक सावधगिरी हवी. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर याच नमुन्याचे निळ्या आणि लाल बुडाचे प्रकारही निघाले होते. निळ्या बुडाचा हलका आणि मवाळ आहे, तर लाल बुडाचा जड आणि आक्रमक आहे. संग्राहक लाल बुडाच्या मागे असतात म्हणून तो चांगला असणार असे समजून नवख्याने तो घेऊ नये.

सुपर स्पीडची खरी अडचण मात्र त्याच्या पोटात असते. झाकणे उघडणारी यंत्रणा दांड्याच्या आत दडलेली असल्याने तिथे साठलेला साबणाचा थर आणि पाण्यातला क्षार घासून काढता येत नाही. आपल्याकडे ज्या घरांत बोअरवेलचे जड पाणी आहे, तिथे हा क्षार लवकर धरतो आणि कळ जड होत जाते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे थेंब टाकून रेझर भिजत ठेवला, मग कोरडा करून यंत्रणेत तेलाचा एखादा थेंब सोडला, तर बहुधा ती पुन्हा सुरळीत चालते. टेकच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण तिन्ही भाग सुटे करून जुन्या टूथब्रशने पाच मिनिटांत स्वच्छ होतात. दुसऱ्याने वापरलेली वस्तू आपल्या चेहऱ्याला लावायची आहे हे लक्षात घेता हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पाते नवे असले तरी रेझर नीट धुऊन, वर स्पिरिटने पुसून घेतल्याशिवाय वापरू नये. तो उकळू मात्र नये, आणि सोन्याचा मुलामा असेल तर व्हिनेगर किंवा अमोनिया त्याच्याजवळही नेऊ नये.

आता स्लिम. यांत्रिक कौशल्याचा नमुना म्हणून तिघांत तोच सर्वांत देखणा आहे, याबद्दल मला शंका नाही. चकती फिरवली की तळपट्टी किंचित वरखाली होते, त्यामुळे धार आणि संरक्षक पट्टी यांच्यातली फट बदलते : १ वर अगदी मवाळ, ९ वर चांगलीच तिखट. १९५८ ते १९६१ या काळात बनलेला, संग्राहकांत ‘फॅटबॉय’ म्हणून ओळखला जाणारा जाडजूड रेझर हा त्याचा पूर्वज, पण निव्वळ प्रसिद्धीमुळे त्याची किंमत चढलेली असल्याने त्याचा विचार मी इथे करत नाही. ‘मवाळपासून तिखटापर्यंत सगळे एकातच मिळते, मग हाच का घेऊ नये?’ हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे, की गालावर खुंट राहिले तर नवखा माणूस कोन तपासण्याऐवजी चकती ३ वरून ५ वर नेतो, दुसऱ्या दिवशी मान सोलवटली की परत २ वर आणतो, आणि महिन्याअखेरीस त्याच्या हाताला काहीच उमगलेले नसते. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित स्लिम आहेच, त्यांनी तो जरूर वापरावा, पण चकती २ किंवा ३ वर ठेवून ती तिथेच विसरून जावी. आकडा बदलायचाच असेल तर आधी बुडाची कळ किंचित सैल करावी, म्हणजे यंत्रणेवर ताण येत नाही.

हीच शिस्त पात्यालाही लावावी. रेझर एकच आणि पाते मात्र रोज निराळे, असे केले तर कसलाच अंदाज येत नाही. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ’क्लॉक यांपैकी जे जवळच्या दुकानात नियमित मिळते ते एक निवडावे आणि तेच चालू ठेवावे. जपानच्या फेदर पात्यांची धार अतिशय तीव्र असते, ती नंतरसाठी राखून ठेवावीत. तीन ते पाच दाढ्यांनंतर पाते ओढू लागते, तेव्हा ते बदलावे, कारण बोथट पाते हाताला नकळत दाब द्यायला लावते. कोन शोधायचा तर टोपी गालावर सपाट टेकवून दांडा हळूहळू खाली आणावा आणि पाते केसाला लागल्याचा बारीक आवाज येताच तिथे थांबावे, साधारण तीस अंश. दांडा मुठीत न आवळता टोकाशी बोटांनी धरावा, म्हणजे रेझरच्या वजनाखेरीज वेगळा दाब पडत नाही.

नवा दुधारी रेझर घेणे हाही रास्त पर्याय आहे. जर्मनीतल्या झोलिंगेनचा मेर्कुर ३४सी किंवा इंग्लंडचा एडविन जॅगर डीई८९ हे शिकण्यास योग्यच आहेत, त्यांना पूर्वीचा मालक नसतो आणि दोष निघाल्यास परत करता येतात. मात्र त्यांची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यामुळे वरचा क्रोमचा थर फुटला की आतला धातू झिजू लागतो, तर जुना पितळी टेक पुन्हा मुलामा देऊन घेता येतो. कार्ट्रिजशी, म्हणजे अनेक पात्यांचे तयार डोके बदलायच्या आजच्या रेझरशी, तुलना करायची तर ज्याला सकाळी तीन मिनिटांत चेहरा स्वच्छ करून लोकल गाठायची आहे त्याला कार्ट्रिजच बरे, कारण त्याचे हलते डोके कोन स्वतः सांभाळते. पण ज्यांच्या मानेवर आत वळलेल्या केसांमुळे वारंवार पुळ्या येतात, अशा अनेकांना एकाच पात्याने आराम पडतो.

मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, रेझर हातात घेऊन पाहता आला तर पैसे देण्यापूर्वी एवढे पाहावे : टेकचा दांडा उभा तडकलेला नसावा, सुपर स्पीड व स्लिमची दोन्ही झाकणे बंद झाल्यावर एका पातळीत यावीत, आणि पाते बसवून वरून पाहिले असता दोन्ही बाजूंना धार सारखीच दिसावी. पडून वाकलेला रेझर एका बाजूने कापतो आणि दुसऱ्या बाजूने सोलतो, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. पन्नाशीच्या दशकापासूनच्या अमेरिकी जिलेटच्या डोक्याखाली एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, त्यांतले अक्षर वर्ष सांगते आणि आकडा तिमाही : सुपर स्पीडवर ‘ए २’ असेल तर तो १९५५ च्या दुसऱ्या तिमाहीतला. वापरलेली पाती मात्र कचऱ्यात सुटी टाकू नयेत. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ती साठवावीत आणि डबा भरल्यावर चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे ठळक लिहून सफाई कामगाराच्या हाती वेगळा द्यावा.