लाँगआर्म मशीन, नऊ महिने वापरल्यावर

मशीन घरात यायच्या आधी माझ्या कपाटात 11 टॉप घड्या घालून पडले होते. टॉप म्हणजे तुकडे जोडून झालेला वरचा थर. मध्ये बॅटिंग म्हणजे मऊ भरणाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर एकत्र धरणाऱ्या टिपा पडल्या की मगच ती क्विल्ट. ते शेवटचं काम, म्हणजे क्विल्टिंग, माझ्याकडून व्हायचं नाही. साध्या शिलाई मशीनवर सुईच्या उजवीकडे जेमतेम 8 इंच जागा, आणि त्यातून 60 बाय 72 इंचांचं बोचकं गुंडाळून ढकलायचं. त्याआधी जमिनीवर गुडघे टेकून थरांना सेफ्टी पिना लावायच्या. खांदे भरून यायचे. मग टॉप पूर्ण झाला की घडी, आणि लगेच नव्या पीसिंगला, म्हणजे तुकडे जोडायला, सुरुवात.

नऊ महिन्यांपूर्वी लाँगआर्म घेतलं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवर टिपा मारायचं लांब हाताचं मशीन. 10 फुटांची फ्रेम, सुईपासून मागच्या खांबापर्यंत 18 इंच जागा, आणि टाके सारखे ठेवणारा रेग्युलेटर. सहा महिन्यांनी त्यावर कॉम्प्युटर बसवून घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि शिवाय मला जे जाणवलं ते या एका मशीनपुरतं नाही.

आधी रेग्युलेटरबद्दल. लाँगआर्मवर कापड ताणून स्थिर असतं आणि आपण मशीन फिरवतो. मशीन रुळांवर चाकांनी पळतं, चाकांना सेन्सर असतात, आणि हात जितका वेगात जाईल तितकी सुई वेगात चालते. दर इंचाला 10 टाके ठरवले की हात अडखळला काय नि सुसाट गेला काय, 10 च पडतात. साध्या मशीनवर फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत टिपा मारताना, माझं निम्मं लक्ष पाय आणि हात यांचा मेळ घालण्यात जायचं. ते ओझं उतरलं आणि मी पहिल्यांदा रेघेकडे बघायला लागले. वळण कुठे सैल पडलं, पिसाच्या नक्षीत पिसाची कड दांडीला कुठे टेकायला हवी, असल्या गोष्टी दिसायला लागल्या.

आणि पीसिंग सोपं होत गेलं. हे मी ठरवून केलं नाही. आधी मी दीड इंचाच्या त्रिकोणांत रमणारी बाई. तिसऱ्या महिन्यात बघते तर कटिंग मॅटवर 9 इंचांचे साधे चौकोन, तेही बहुतेक एकरंगी, कारण बारीक प्रिंटवर टीप दिसतच नाही. इतकी मेहनत करायची आणि ती छापील फुलांत हरवायची, हे मनाला पटेना. मॉडर्न म्हणतात त्या क्विल्ट्समध्ये एवढी मोकळी जागा का सोडतात, याचं मला नवल वाटायचं. लाँगआर्मसमोर उभी राहिल्यावर वाटेनासं झालं.

उलटा प्रवासही आधी झालेलाच आहे. 1979 मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याची सुरी, आणली. पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलने आखून, कात्रीने एकेक तुकडा कापायची गरज उरली नाही. चार पदर एकावर एक ठेवून पट्टीला लावून सर्रकन कापता यायला लागले. पीसिंग एका फटक्यात वेगवान झालं आणि क्विल्टिंग मात्र होतं तिथेच राहिलं. घरोघरी टॉप साठायला लागले असतील तर नवल नाही. माझे 11 त्यातलेच. मशीनच्या टिपांना मान मिळायलाही वेळ लागला. 1989 मध्ये पडुका, केंटकी इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला सर्वोच्च बक्षीस मिळालं, तसं घडण्याची ती पहिली वेळ.

आता मशीनने मला जे शिकवलं त्याबद्दल, आणि ते सगळं पीसिंगबद्दलच आहे.

पहिली क्विल्ट चढवली तेव्हा मधला भाग छान ताणला गेला आणि दोन्ही बाजूंच्या बॉर्डर पडद्यासारख्या लाटा मारायला लागल्या. मी तोवर बॉर्डर कशी लावायची? लांब पट्टी घ्यायची, कडेला शिवत जायचं, उरलं ते कापून टाकायचं. जमिनीवर पिना लावताना ते जास्तीचं कापड हळूहळू दाबून जिरवता यायचं. फ्रेमवर ते कुठेही जात नाही. क्विल्ट गुंडाळायचा रोलर फिरवत जाल तसं पुढे ढकललं जातं आणि कोपऱ्यात त्याची चुणी पडते. आता मी टॉपची लांबी मधोमध मोजते, पट्टी त्या मापाची कापते आणि दोन्ही टोकं नि मध्य आधी पिनांनी बांधून मगच शिवते. दहा मिनिटांचं काम. इतकी वर्षं का केलं नाही, देव जाणे.

दुसरं शिवणींचं. शिवण एका बाजूला झोपवायची की उघडून दोन्हीकडे पसरायची, यावर दोन क्विल्टवाल्या कधी एकमत होणार नाहीत. मी गडद कापडाकडे झोपवणारी. पण आठ टोकं एका बिंदूत येतात तिथे कापडाचा गड्डा होतो. लाँगआर्मची सुई वेगात तिथे पोचली की वाकते, टाका चुकतो, आणि माझ्या दोन सुया तर मोडल्याच. म्हणून चांदण्यांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे टॉपच्या त्या नक्षीच्या चौकोनांत, मी शिवणी उघडायला लागले. पण मग शिवणीच्या खाचेतून टीप मारता येत नाही. उघडलेल्या शिवणीवर सुई कापडात न जाता जोडणाऱ्या दोऱ्यावरच पडते आणि शिवण उसवायला लागते. थोडक्यात, टीप कुठून जाणार हे पीसिंग करतानाच, हातात इस्त्री असतानाच ठरवावं लागतं. एक काम संपल्यावर दुसरं, असा जो हिशोब माझ्या डोक्यात होता तो मोडला.

त्रास कुठे झाला? मागच्या बाजूला. वळणांवर मी हात झपकन फिरवायची आणि खाली बॉबिनच्या दोऱ्याभोवती वरच्या दोऱ्याचे बारीक फास दिसायचे, अगदी पापण्यांसारखे. एक अख्खी क्विल्ट तशी झाली आणि ती काढून उलटी करेपर्यंत मला पत्ता नव्हता. उपाय म्हणजे वळणावर सावकाश जायचं, आणि प्रत्येक नवी बॉबिन घातली की कडेच्या जास्तीच्या कापडावर दोन गोल काढून खाली हात फिरवून बघायचं. बोटांना खरखर लागली तर ताण चुकलाय. त्यासाठी अस्तर आणि बॅटिंग टॉपपेक्षा चारही बाजूंनी 4 इंच मोठं हवंच. दुसरी गोष्ट, चाकांत दोऱ्याचं एक टोक अडकलं की सेन्सरला हालचाल नीट कळत नाही आणि मध्येच अर्ध्या इंचाचा लांबलचक टाका पडतो. मशीन बिघडलं म्हणून मी घाबरले होते, पण रूळ पुसले आणि काम झालं.

मग कॉम्प्युटर. टॅबलेटवर नक्षी निवडायची, जागेचं माप द्यायचं, आणि मोटर मशीनला स्वतः फिरवते. ब्लॉकचे चारही कोपरे सुई नेऊन दाखवले तर नक्षी त्या ब्लॉकच्या खऱ्या, थोड्या वाकड्या आकारात बसवून देतो. कपाटातले आठ टॉप तीन महिन्यांत उरकले ते यामुळे. पूर्ण क्विल्टला साधारण चार तास, त्यातही मी फक्त बॉबिन बदलायला आणि रोलर फिरवायला.

आणि बाकीचा वेळ? मी शेजारच्या टेबलावर दीड इंचाचे त्रिकोण कापत होते!

ते लक्षात आलं तेव्हा हसू आलं आणि जरा चुटपुटही लागली. रेग्युलेटरने मला टिपांकडे नेलं, कॉम्प्युटरने परत तुकड्यांकडे आणून सोडलं. मशीनची नक्षी माझ्या हातच्या नक्षीपेक्षा नेमकी येते, यात वाद नाही. पण त्या आठांतल्या कुठल्या क्विल्टवर कुठली नक्षी आहे, हे मला आठवून सांगता येत नाही. त्याआधी मशीन हाताने फिरवून केलेल्या तीन नव्या क्विल्ट्सची प्रत्येक चूक कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन.

तक्रार एकच, पण मोठी. पाचव्या क्विल्टच्या मधोमध टॅबलेटने आपणहून अपडेट घेतलं. परत सुरू झाल्यावर सुरुवातीचा बिंदू हरवला होता. मी अंदाजाने लावला आणि नवी ओळ आधीच्या ओळीवर अर्धा इंच चढली. मदतीच्या क्रमांकावर दोनदा तेच सांगितलं गेलं: बंद करून चालू करा. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. आता अपडेट बंद, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पिन खोचून ठेवते.

कुणी घ्यावं असं विचाराल तर, ज्यांचे टॉप साठलेत आणि ज्यांच्याकडे 10 फुटांची भिंत मोकळी आहे त्यांनी. कॉम्प्युटर लगेच घेऊ नका, सहा महिने तरी हाताने चालवा. ज्यांना पीसिंगच आवडतं आणि टिपा ही नुसती अडचण वाटते, त्यांनी सरळ कॉम्प्युटरवालं घ्यावं, मी नाक मुरडणार नाही. घट्ट नक्षीचा मोह मात्र आवरा. माझ्या नेहमीच्या बॅटिंगच्या पाकिटावर टिपांमध्ये 8 इंचांपर्यंत अंतर चालतं असं छापलंय आणि मी पहिल्या उत्साहात पाव इंचावर रेघा मारल्या. ती क्विल्ट पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

कपाटातल्या 11 पैकी तीन अजून शिल्लक आहेत. त्यातल्या सगळ्यात जुन्याची बॉर्डर उसवून, मोजून, परत लावली. कालच फ्रेमवर चढवला. टॅबलेट खणात आहे.