चिंताविकार: दुआ आधी की डॉक्टर आधी?

काळजी रात्रंदिवस मन कुरतडू लागली की नमाज-दुआ वाढवावी की मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, असा प्रश्न श्रद्धावान मुस्लिमाला पडतो. मुळात हे दोन मार्ग एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत.

मानसशास्त्र काळजीची तीव्रता आणि कालावधी पाहते. किमान ६ महिने बहुतेक दिवस न आवरणारी काळजी, झोपमोड, थकवा आणि कामात अडथळा, इतके असेल तर तो विकार ठरतो. इस्लामी शिकवण तिच्या अर्थाला भिडते: पुढच्याची धास्ती म्हणजे ‘हम्म’, गेल्याचे दुःख म्हणजे ‘हुज्न’, आणि या दोहोंपासून आश्रय मागणारी दुआ स्वतः पैगंबरांची आहे. त्यामुळे चिंताग्रस्ताला ‘तुझे ईमान कच्चे आहे’ असे सुनावणे मला क्रूर तर वाटतेच, धर्मदृष्ट्याही निराधार वाटते.

विचारांना विचारांनी उत्तर देण्याची कल्पना केवळ आधुनिक नव्हे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात चुकीचे विचार तपासून बदलायला शिकवणारी बोधनात्मक उपचारपद्धती मांडली. त्यापूर्वी सुमारे हजार वर्षे, ९३४ मध्ये निवर्तलेल्या मुस्लिम विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी घरात औषधे ठेवतात तसे मन शांत असतानाच धीर देणारे विचार साठवून ठेवावेत, असा सल्ला दिला होता.

खरी कसोटी लागते ती ‘वसवसा’, म्हणजे मनात सतत डोकावणारी शंका, जडल्यावर. वुजू (नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुण्याचा विधी) झाला की नाही या शंकेने तो पुन्हापुन्हा करणाऱ्याला फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, सांगते की शंकेने खात्री मोडत नाही, म्हणून तिकडे लक्ष न देता पुढे व्हावे. मंत्रचळावरील (तेच ते विचार व कृती छळणाऱ्या विकारावरील) वर्तनोपचारही अस्वस्थता सोसून कृती न दोहरावण्याचाच सराव करून घेतो. मात्र शंका मिटेपर्यंत जिक्र (अल्लाहचे नामस्मरण) करत राहिल्यास तेच नवे कर्मकांड बनते. इथे प्रशिक्षित उपचारतज्ज्ञच हवा.

परीक्षेपूर्वीच्या किंवा वियोगानंतरच्या साध्या काळजीला नमाज, जिक्र आणि माणसांची सोबत बहुधा पुरते. घबराटीचे झटके, ढासळलेले कामकाज किंवा जीव देण्याचे विचार असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. उंट आधी बांधून मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) करण्याची हदीस इथे चपखल बसते. चिंतेवरील नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून त्या रमजानसाठी परस्पर बंद करू नयेत. अनेकदा त्यांची वेळ सहरी-इफ्तारला जुळवता येते, ती डॉक्टरांना विचारून ठरवावी, आणि तसे जमत नसेल तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुराणातच आहे.